दोन हजार ऐंशी तास

९ फेब्रुवारी, शनिवार

आणि वर मलाच म्हणते, "बब, तुला नाही कळायचं." का नाही कळायचं? दहावीत शाळा सोडली म्हणून? तास म्हणजे तास. साठ मिनिटं. मला इथे मासळीच्या कारखान्यात तासाला दहा डॉलर मिळतात, आठ तासांच्या पुढे दीडपट. बाईसाहेबांना मात्र असे तास हवेत ज्यांचे कोणी पैसे देत नाही. आणि फुकट राबायला मिळावं म्हणून तिथे रांग लागते म्हणे!

नाताळापासून आमचं हेच चाललंय. ड्रीमा, माझी धाकटी बहीण, डॉक्टर होणार. व्हावीच. आमच्या खोऱ्यात आजवर खाणीत गेले, तुरुंगात गेले, फौजेत गेले, पण मेडिकलला कोणी गेलं नाही. मला वाटलं होतं, चार वर्षं कॉलेज, चांगले मार्क, एक मोठी परीक्षा, झालं. तसं नाही. तास लागतात. रोग्यांजवळ घालवलेले तास. शिवाय डॉक्टरच्या मागे उभं राहून नुसतं बघायचे तास. बघायचे! मी मासे कापताना मागे येऊन उभं राहा म्हणावं, मी पण सही करून देतो.

तिच्या खोलीतली मुलगी सर्जनची पोर आहे, तिचे नऊशे तास झालेत. ड्रीमाचे चौसष्ट. हॉस्पिटल चाळीस मैलांवर, हिच्याकडे गाडी नाही, आणि संध्याकाळी लायब्ररीत पुस्तकं लावली नाहीत तर जेवणाचे पैसे कुठून भरणार. एक मार्चला सगळी कागदं त्या मिसेस ऑस्ट्रँडरच्या ऑफिसात द्यायची आहेत. मेडिकलला जाणाऱ्या पोरांना हीच बाई सांभाळते. मग पाच जणांची कमिटी बसून एक पत्र लिहिते आणि ते पत्र सगळ्या मेडिकल कॉलेजांना जातं. पत्राशिवाय अर्ज करता येतो. पण मग तिकडचे म्हणतात, हिच्याच लोकांनी हिला पत्र का दिलं नाही?

मी म्हटलं, "अगं, डॅडीचं आजारपण घरात एवढं काढलं ते कुठे गेलं? ते लिही की."

तिकडून पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "ते चालतं का विचारायला हवं."

विचार म्हणावं. घरातलं काय कोणी चोरलेलं आहे?

१२ फेब्रुवारी

सोळा तास पोलॉक मासा कापला. उजव्या हाताची तीन बोटं सकाळी उठल्यावर माझी नसतात. गरम पाण्यात धरली की परत येतात.

१७ फेब्रुवारी, रविवार

कुया नेस्टर मला आवडत नाही असं मी पहिल्या महिन्यात लिहिलं होतं. ते खोडतो. फिलिपिन्सचा आहे, अठरा सीझन केलेत. सगळे त्याला कुया म्हणजे थोरला भाऊ म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. मला तो तोतोय म्हणतो, म्हणजे पोरगा.

दोन आठवडे झाले, त्याला खेकडे उकडतात त्या बाजूला टाकलंय. आज जेवताना तो मला गोष्ट सांगत होता आणि मी गोष्ट ऐकतच नव्हतो. तीन शब्द बोलायचा, थांबायचा. तीन शब्द, थांबायचा. गळ्याखालचा खड्डा आत ओढला जात होता. मी भात खाता खाता त्याच्या छातीशी कान नेला तर सगळं टेबल हसलं.

"काय रे, लग्न करतोस का माझ्याशी?" कुया म्हणाला. तेवढं म्हणायलाही दोनदा थांबला.

"कुया, श्वास सोडताना शिट्टी वाजते तुझी. घेताना नाही, सोडताना. झोपतोस कसा?"

"बसून."

"कधीपासून?"

"झोप रे. उद्या शिफ्ट आहे."

दवाखान्यात गेलो तर घरी पाठवतील, ही त्याची भीती. इथे सगळ्यांना हीच भीती. मी म्हटलं, खेकड्याच्या वाफेपाशी उद्या गेलास तर तुला घरी पेटीतून पाठवतील. ओठांचा रंग बघ आरशात. तो शिव्या देत उठला आणि आरशाकडे गेला.

१८ फेब्रुवारी

नेलं त्याला. वाफेनेच झालंय, बऱ्याच जणांना होतं म्हणे. औषधाचा फवारा दिला आणि त्याला खेकड्यांवरून काढून खोके भरायला लावलं. घरी पाठवलं नाही. नर्सने मला विचारलं, "तुम्ही कुठे शिकलात?" मी म्हटलं, "मी लाइनवर असतो, टेबल नंबर चार." ती हसली. कशाला हसली कुणास ठाऊक. अर्ध्या शिफ्टचा पगार बुडाला.

२४ फेब्रुवारी, रविवार

ड्रीमाचा फोन. आवाजच वेगळा. "बब, तासांचं झालं!"

"म्हणजे? गाडी मिळाली?"

"नाही रे. ते घरचं चालतं. विचारलं मी. फक्त साक्षीदार लागतो, ज्याने पाहिलंय असा. तुझं नाव दिलंय."

"माझं?"

"मग कोणाचं? मम्मी तर दुकानातच असायची. मिसेस ऑस्ट्रँडर कधी कधी फोन करते. सगळ्यांना नाही करत. केलाच तर हो म्हण, की मी डॅडीला बघायचे. बस, एवढंच."

"त्यात काय," मी म्हटलं. "हो तर हो."

मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. कॉलेजची बाई मला फोन करणार. ड्रीमाला म्हटलं, काय लिहिलंस ते पाठव, वाचून ठेवतो. ती म्हणाली, कशाला, तुला वाचायचा कंटाळा. मी म्हटलं, पाठव तर. इथे फोन लागतो पण बाकी काही उघडायला ऑफिसच्या भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं.

२६ फेब्रुवारी

आलं. वीस मिनिटं बर्फात उभा होतो पण आलं.

काय लिहिलंय पोरीने! मला वाचायला वेळ लागतो, एकेक ओळ दोनदा घ्यावी लागते, पण ही सरळ आत जाते. डॅडीची फुफ्फुसं खाणीच्या धुळीने काळी झाली तिथून सुरू केलंय. मग ती संध्याकाळ, झाडांवर बर्फ बसून तारा तुटल्या आणि ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. ऑक्सिजनचा जादा बाटला खाली शेडमध्ये, पायऱ्या काचेसारख्या झालेल्या. बाटला छातीशी धरून पायरीवर बसत बसत वर आणला, हे तिने असं लिहिलंय की माझे गुडघे दुखले. आणि हे वाक्य: "मी त्यांचा श्वास आवाजावरून ओळखायला शिकले." खाली: तीन वर्षं, दोन हजार ऐंशी तास. साक्षीदार कॉय एस्टेप, भाऊ. म्हणजे मी.

जेवताना कुयाला वाचून दाखवलं. अडखळत वाचलं, पण दाखवलं. दोनचार जण ऐकत होते. कुयाने काटा खाली ठेवला.

"गुणी पोर आहे," तो म्हणाला. "हे सगळं तिने एकटीने केलं?"

"हो ना."

"आणि तू कुठे होतास?"

मी भात चिवडला. मग म्हटलं, "होतो की. तिथेच."

"तिथेच म्हणजे?"

"भात थंड होतोय," मी म्हटलं.

२७ फेब्रुवारी

बाटला मी आणला. त्या दिवशी ती मॉर्गनटाउनला होती, विज्ञानाच्या शिबिरात. रात्री फोनवर मीच तिला सांगितलं. पायऱ्यांचं पण मीच सांगितलं, हसत हसत, की तुझा भाऊ आज ढुंगणावर बसून डोंगर चढला.

आता यात चिडण्यासारखं काय आहे ते मी कालपासून शोधतोय. लिही असं मीच म्हणालो. आपण एका घरातले. हात कोणाचे होते याने काय होतं? डॅडीला बाटला मिळाला. माझ्या त्या तासांचं मी काय करणार होतो, लोणचं?

पण आवाज ओळखायला ती शिकली नाही. मी शिकलो.

३ मार्च, रविवार

फोन केला. करायला नको होता. जसं झालं तसं लिहितो.

"ड्रीमा, तो बर्फाचा दिवस."

"काय त्याचं?"

"तू नव्हतीस."

ती म्हणाली, "तूच म्हणालास लिही."

"मी म्हटलं, घरात झालं ते लिही."

"मग घरातच झालं ना? बाजारात झालं?" मग तिचा आवाज चढला. "बब, मी काय करू सांग. पहाटे पाचला उठते, रसायनशास्त्र करते, संध्याकाळी पुस्तकं लावते, शनिवारी त्या मोठ्या परीक्षेचे पेपर सोडवते. ती परीक्षा साडेसात तासांची असते, माहितेय तुला? माझ्या खोलीतली मुलगी बापाच्या मागे हॉस्पिटलात दोन उन्हाळे फिरली आणि झाले तिचे तास. माझा बाप खाटेवर होता! त्याचे मला काहीच नाही मिळायचे?"

"मिळावेत की. पण दोन हजार?"

"तुझे तास तुला कुठे लावायचेत? मासे कापायला? ते तिथे नुसते पडून आहेत, बब. कोणाच्याच कामाचे नाहीत."

मी म्हटलं, "वा गं डॉक्टरीण." आणखीही म्हटलं, ते लिहीत नाही.

मग ती हळूच म्हणाली, "आणि मी नोव्हेंबरबद्दल कधी काही बोललेय? कोणाजवळ? एकदा तरी?"

मी फोन ठेवला.

५ मार्च

टेबल चारवर रोमन नावाचा नवा पोरगा आलाय. सुरी उलटी धरतो. मी ओरडलो. उगाच ओरडलो.

१० मार्च, रविवार

मम्मीला फोन. तिला सगळं माहीत होतंच. ड्रीमा रोज रडते म्हणाली.

"तू काय म्हणतेस?" मी विचारलं.

"मी काय म्हणणार. मी तेव्हा दुकानात गल्ल्यावर होते. कोणी काय उचललं हे मी नाही पाहिलं, बेटा. घरातलं घरात राहू दे. बाई विचारेल, हो म्हण. एका शब्दाने पोरीचं आयुष्य उभं राहतंय तर तुझं काय जातं?"

"काही नाही जात."

"मग?"

मग काही नाही. ठरलं. हो म्हणायचं. मी कपडे धुवायच्या खोलीत मशीनच्या आवाजात सराव केला. हो मॅडम, तीच बघायची. हो मॅडम, सकाळ-संध्याकाळ. आंघोळ घालायची, पाठ थोपटायची, औषधं द्यायची. बोलता बोलता लक्षात आलं, औषधं खरंच तिची होती. मला बाटल्यांवरची नावं धड वाचता येत नव्हती, एकदा गोळ्या उलट्यासुलट्या दिल्या तर डॅडी दोन दिवस झोपून राहिला. मग तिने फ्रिजवर तक्ता लावला, रंगांचा. निळी सकाळी, पिवळी जेवून. रोज रात्री शाळेचा अभ्यास झाला की उद्याच्या गोळ्या डबीत भरायची. पंधरा-सोळा वर्षांची होती. ते तिने लिहिलंच नाही. हे एवढं खरं हाताशी असताना पोरीने बर्फ का घेतला? बर्फ जास्त शोभतो म्हणून असेल.

१९ मार्च

शिफ्टवरून आलो तर फोनवर निरोप. "मिस्टर एस्टेप, मी लोइस ऑस्ट्रँडर. आपल्या सोयीने गुरुवारी बोलू या का?" मिस्टर एस्टेप म्हणजे मला डॅडीच वाटला क्षणभर.

दोन दिवस आहेत. नोव्हेंबरचं लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल आणि फोनवर मध्येच येणार नाही.

सकाळी डॅडीचा श्वास बदलला. मला कळलं. तीन वर्षं तोच आवाज ऐकत होतो, कळणार नाही कसं. मोठे श्वास, मग लहान, मग काहीच नाही, मग पुन्हा मोठा. ड्रीमा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, शनिवार म्हणून घरी आलेली. मम्मीला दुकानातून यायला रात्र होणार होती. मी ड्रीमाला म्हटलं, पेट्रोल भरून येतो. गाडीत पेट्रोल होतं. मी ओहायोपर्यंत गेलो. नदीच्या पुलावर थांबलो, एक बोलोना सँडविच घेतलं आणि ते हातात धरून बसलो. परत आलो तेव्हा दारात मयताची नोंद करायला आलेल्या शेरीफची गाडी होती आणि मम्मी पायरीवर.

अकरा तास. ती एकटी. अठरा वर्षांची. तिने नंतर विचारलं नाही की कुठे होतास. डॅडीला पुरलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी नॉर्थ डकोटाला तेलाच्या कामावर गेलो. मग टेक्सास. मग इथे. लोक विचारतात, तू टिकत का नाहीस एका जागी? मी म्हणतो, मला वारा लागतो.

ते अकरा तास पण तिने कागदात घातले नाहीत. पहिल्यापासून शोधले, नाहीत. हे काही मला समजत नाही. दोन हजारांत तेवढेच तर शंभर टक्के तिचे होते. जागा पुरली नसेल. एका कामाला सातशे अक्षरं मिळतात म्हणे.

२१ मार्च, गुरुवार

झालं.

कुयाने मला त्याची खोली दिली आणि दार ओढून घेऊन बाहेर बसला. बाईचा आवाज म्हाताऱ्या शिक्षिकेसारखा, घाई नाही. आधी हवा कशी आहे विचारलं. मग म्हणाली, "तुमच्या बहिणीचे कागद फार चांगले आहेत. काही गोष्टी पडताळायच्या असतात, एवढंच."

मी सगळं बरोबर म्हटलं. हो मॅडम, तीच. हो, तिन्ही वर्षं. पाठ कशी थोपटायची, तिने विचारलं नव्हतं तरी सांगितलं. श्वास किती मोजायचा, उशा किती लावायच्या, पायांना सूज आली की काय करायचं, सगळं ड्रीमाच्या नावावर. माझा घाम वाहत होता, पण गाडी रुळावर होती. ती लिहीत होती, पेनाचा आवाज यायचा. म्हणाली, "छान. पत्रात घालायला एकच गोष्ट विचारते. अवघड असेल तर सांगू नका. वडील गेले तेव्हा ड्रीमा कुठे होती?"

यावर खोटं बोलायचं नव्हतंच. मला हायसं वाटलं. "जवळच होती मॅडम. अकरा तास. एकटी."

"एकटी? अठराव्या वर्षी?" तिने लिहून घेतलं. "आणि तुम्ही?"

हेही सोपं होतं. कामावर होतो म्हणायचं. कोणाला काय कळणार होतं? मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "मी पळालो."

मी कुयाच्या खाटेवर टेकलो.

"मला कळलं होतं की तो चाललाय. तिला कळलं नव्हतं. मी सांगितलं नाही आणि पळालो. पुलावर जाऊन बसलो." आणि मग थांबेनाच. "मॅडम, ते अकरा लिहा. ते तिचे आहेत. गोळ्यांचे पण तिचे, रोज रात्री अर्धा तास, तीन वर्षं, कॉलेजला गेली तेव्हा शनिवारी येऊन आठवड्याचं भरून जायची. बाटला मी आणला. पाठ मी थोपटली. ती शाळेत जायची आणि मीच तिला हाकलायचो, कारण घरात एकाने तरी शिकलं पाहिजे. दोन हजार माझे आहेत. मला नकोत. पण माझे आहेत."

पेन थांबलेलं. ती म्हणाली, "मिस्टर एस्टेप, हे मला कमिटीपुढे ठेवावं लागेल. कळतंय ना?"

"मग ती जाणार नाही का मेडिकलला?"

"यंदा पत्र मिळेल असं मला वाटत नाही."

"मी आत्ता बोललो ते खोडता येतं का?"

"नाही." मग म्हणाली, "तुम्ही तिथे काय काम करता?"

"मासे कापतो."

"आणि आधी? म्हणजे हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही, मॅडम. तो खोकायचा, मी बघायचो."

 तिने आभार मानून फोन ठेवला.

बाहेर आलो. कुया म्हणाला, "हो म्हणालास?"

"आधी म्हणालो."

"मग?"

"मग नाही म्हणालो."

तो म्हणाला, "गाढवा." आणि मला बाजूला बसवून घेतलं.

२३ मार्च

ड्रीमाचा निरोप, एकच ओळ. "तू तिथेही पळालास."

मला राग यायला पाहिजे. मी तर पळालो नाही. या वेळी तर थांबलो होतो.

६ एप्रिल

मम्मी सांगत होती. कमिटीने पत्र नाकारलं. कागद अजून बाहेर गेले नव्हते, ड्रीमाने स्वतः जाऊन सगळं कबूल केलं, म्हणून कॉलेजातून काढलं नाही आणि शिक्का बसला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा या म्हणाले, खरे तास घेऊन. ती मोठी परीक्षा मात्र दिली पोरीने. मम्मी म्हणाली, आता कशाला देतेस, तर म्हणे, पैसे भरलेत. डोळे सुजलेले, तशीच गेली.

"तू आता तिला फोन करू नकोस," मम्मी म्हणाली. "आणि मलाही थोडे दिवस करू नकोस."

१४ एप्रिल, रविवार

सीझन संपला. लोक पिशव्या भरतायत. कुया मनिलाला चालला, फवारा खिशात, श्वास बरा. मला म्हणाला, चल, माझ्या गावाला ये, लग्न लावून देतो. मी म्हटलं, तुझ्या शिट्टीवर नाचायला?

माझं विमान पण होतं. अंटार्क्टिकात भांडी घासायला माणसं घेतात म्हणे, फॉर्म आणून ठेवलाय. पण इथे मागे राहून यंत्रं धुवायला चौघे हवे होते. मी नाव दिलं. का दिलं माहीत नाही. पहिल्यांदाच विमान सोडलं.

२८ एप्रिल, रविवार

ड्रीमाचा फोन आला. मी पाइप धूत होतो, हात पुसायलाही थांबलो नाही.

"बब."

"हं."

"डॅडीची पाठ थोपटायचास तेव्हा हात कसा धरायचास?"

मला वाटलं चेष्टा करतेय. मग म्हणाली, गावाजवळच्या वृद्धाश्रमात तिला काम मिळतंय, पगारी. आधी एकशेवीस तासांचा कोर्स करायचा, परीक्षा द्यायची, मग म्हाताऱ्यांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं. कॉलेज सुटलं की उन्हाळाभर, आणि पुढचं सबंध वर्ष शनिवार-रविवार. परवा ती नुसती बघायला गेली होती.

"सगळे खाणीतले आहेत रे. एका रांगेत बसून डॅडीसारखे खोकतात. एकाचा कफ सुटत नव्हता आणि मी नुसती उभी. मला काही म्हणजे काही येत नाही, बब."

"ओंजळ कर," मी म्हटलं. "एका हाताची, पाणी प्यायला करतेस तशी. सपाट मारायचं नाही, लागतं. आवाज पोकळ आला पाहिजे. खालून वर यायचं. मणक्यावर नाही, बाजूने. आणि त्याला आधी कुशीवर घे, डोकं खाली."

"हळू सांग, लिहून घेतेय."

मी पुन्हा सांगितलं. तिने तीन प्रश्न विचारले, तिन्ही बरोबर ठिकाणचे. शेवटी मी पाइपावर थोपटून आवाज ऐकवला. अर्धा तास गेला असेल. आम्ही नाताळापासून एवढं बोललो नव्हतो.

मग म्हणाली, "पुढच्या वर्षीचा कागद लिहायला घेतलाय. मिसेस ऑस्ट्रँडर म्हणते, तो शेवटचा दिवस लिही. तेवढाच लिही." थांबली. "तो लिहायचा तर मी एकटी होते हे येणार. मग तू कुठे होतास हेही येणार. पाच जण वाचतील. नंतर तिकडचे वाचतील. मला तसं करायचं नव्हतं, बब. मी ते कधीच..."

  पाण्याचा नळ चालू होता, तो बंद केला.

"लिही," मी म्हटलं.

"नक्की?"

"पुलाचं पण लिही. ओहायोचा पूल. खोटं काही घालू नकोस आणि बर्फ तर अजिबात नको. कोर्सचे किती लागतात?"

"मी मागायला नाही केला फोन."

"माहितेय. किती?"

सांगत नव्हती. भांडून काढून घेतलं. फी, परीक्षा, ते निळे कपडे दोन जोड आणि बूट. बूट चांगले घे म्हटलं, दिवसभर उभं राहायचं म्हणजे काय ते मला विचार. उद्या पोस्ट उघडलं की मनीऑर्डर करतोय, ड्रीमा एस्टेपच्या नावाने, आठशे पंधरा डॉलर.